मोंतोने कुठं आलं?

मागच्या आठवड्यात एका ग्रुपवर चांगलीच जुंपली. कुणीतरी माणगावच्या तहसील कचेरीसमोरच्या यशवंत घाडगे यांच्या पुतळ्याचा फोटो टाकला, खाली नेहमीप्रमाणे ‘विनम्र अभिवादन’. त्यावर एका तरुण मित्रानं लिहिलं, "पण हे लढले कुणासाठी? इंग्रजांसाठीच ना? पगारी नोकर." झालं! शंभर-सव्वाशे मेसेज पडले. एकानं देशद्रोह काढला, दुसऱ्यानं पुरावा मागितला, तिसऱ्यानं मध्येच सुप्रभातचा गुलाब टाकला. या सगळ्या गदारोळात एकच कामाचा प्रश्न आला, तोही कोपऱ्यातून: "दादा, पण ते जिथं पडले ते मोंतोने कुठं आलं? आणि तिथल्या लोकांचं काय म्हणणं हाय?"

मित्रहो, आजची पोस्ट त्या प्रश्नासाठी. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंबेगावचा मुलगा. पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना मारला गेला तेव्हा वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. एवढं आपल्याकडे शाळेतली मुलंसुद्धा भाषणात म्हणतात. काही वर्षांपूर्वी मी या विषयावर एका दैनिकाला हजार-बाराशे शब्दांचा मजकूर पाठवला होता. छापून आल्या चार ओळी आणि हार घालणाऱ्या पाहुण्यांचा तीन कॉलमी फोटो. असो. फेसबुकवर जागेची अडचण नाही, हा या माध्यमाचा एक फायदा.

मोंतोने म्हणजे इटलीच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतात, टेकडीच्या माथ्यावर बसलेलं तटबंदीचं जुनं गाव. वस्ती आजही दोन हजारांच्या आत. खाली टायबरचं खोरं, तीच टायबर जी पुढं रोमला जाते. खोऱ्यात खाली उंबेर्तिदे हे बाजाराचं गाव, वरच्या अंगाला चित्ता दि कास्तेल्लो हे त्याहून मोठं शहर, पूर्वेला डोंगर ओलांडला की गुब्बिओ, आणि मोंतोनेच्या मागे पिएत्रालुंगाचे जंगलाचे डोंगर. आपल्याकडे माणगाव, महाड, पोलादपूर आणि वरचा घाट असा नकाशा डोळ्यांपुढे आणलात तर साधारण अंदाज येईल. फक्त भाताच्या जागी गहू, तंबाखू, द्राक्षं.

शेतीची रीत मात्र आपल्या म्हाताऱ्यांना लगेच कळली असती. जमीन मालकाची, राबणारा शेतकरी, पीक निम्मं-निम्मं. आपण त्याला अर्धेली म्हणतो, ते मेत्साद्रिया म्हणत. घर मालकाचं, बैलजोडीत मालकाचा वाटा, आणि कुटुंबात किती माणसं राबणार यातसुद्धा मालकाचं बोट. ज्यांच्या घरात खोतीच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, आणि ज्यांना १९३३ पासून चाललेला चरीचा शेतकरी संप माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढं डोंगरात गेलेल्यांना भाकरी कुणी दिली हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर या अर्धेलीच्या घरांत आहे.

आता परकी सत्ता तिथं आली कशी? गंमत अशी की जर्मन आले ते मित्र म्हणून. मुसोलिनी १९४० च्या जूनमध्ये हिटलरच्या बाजूनं युद्धात उतरला. तीन वर्षांत सगळीकडे मार खाल्ला. जुलै १९४३ मध्ये दोस्त सैन्य सिसिलीत उतरलं, त्याच महिन्यात २५ तारखेला मुसोलिनीची गच्छंती झाली, आणि ८ सप्टेंबरला नव्या सरकारनं शरणागती जाहीर केली. राजा आणि सरकार रोम सोडून दक्षिणेकडे पळाले. सैन्याला धड आदेश नाही. काल रात्री ज्यांच्याबरोबर जेवलो ते जर्मन आज सकाळी बंदूक रोखून उभे. सहा लाखांवर इटालियन सैनिकांना जर्मनांनी पकडून छावण्यांत पाठवलं. बाकीच्यांनी गणवेश फेकले, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या शर्ट-पँटी मागून घेतल्या आणि पायी घर गाठलं. मुसोलिनीला जर्मनांनी डोंगरावरच्या कैदेतून सोडवून उत्तरेत एका बाहुल्या सरकारच्या गादीवर बसवलं.

मोंतोनेसारख्या गावात परकी सत्ता म्हणजे रोज उठून रणगाडे नव्हेत. भिंतीवर चिकटवलेली फर्मानं. रात्रीची संचारबंदी. लंडन रेडिओ ऐकला तर शिक्षा. गव्हाची सक्तीची वसुली, ज्याला आपली जुनी माणसं लेव्ही म्हणत. गोठ्यातले पांढरे थोराड बैल जाताना ओढून नेणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे करायला जर्मन स्वतः दर वेळी येत नसत. गावातलेच फासिस्ट, काळ्या शर्टातली ओळखीची पोरं, यादी घेऊन दारात. कुणाचा मुलगा सैन्यातून पळून आलाय, कुणाच्या माळ्यावर इंग्रज कैदी लपलाय, हे बाहेरच्याला कसं कळणार? ते सांगायला शेजारी लागतो. इटलीत पुढं कित्येक वर्षं या काळाला फक्त ‘मुक्तियुद्ध’ म्हणायची पद्धत होती. क्लाउदिओ पावोने नावाच्या इतिहासकारानं, जो स्वतः प्रतिकारात होता, १९९१ मध्ये पुस्तकाच्या नावातच ‘यादवी युद्ध’ हा शब्द घातला तेव्हा डाव्यांना तो झोंबला. पण गावपातळीवर तसंच होतं. एकाच पंगतीला बसणारी माणसं दोन बाजूंना गेली होती.

डोंगरात पोरं गेली ती आधी क्रांती करायला नव्हे, भरती चुकवायला. बाहुल्या सरकारनं तरुणांना सैन्यात हजर होण्याचं फर्मान काढलं. फेब्रुवारी १९४४ मध्ये गैरहजर राहणाऱ्याला देहदंड जाहीर केला. अठरा-वीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. हजर झाला तर जर्मनांसाठी मरायचं, नाही झाला तर भिंतीला उभा. मग तो रात्री पिएत्रालुंगाच्या वाटेनं वर जातो. वर आधीच कोण कोण जमलेलं: कैदेतून सुटलेले युगोस्लाव, पळालेले इंग्रज कैदी, कम्युनिस्ट कामगार, सैन्यातले अधिकारी, आणि त्यांना चर्चमध्ये आसरा देणारे खेड्यातले पाद्री. यातून ‘सान फाउस्तिनो’ नावाची ब्रिगेड उभी राहिली. नावात एकीकडे ‘प्रोलेतारिया’, म्हणजे कष्टकऱ्यांची, आणि दुसरीकडे चक्क संताचं नाव! सान फाउस्तिनो हे त्याच डोंगरातलं ठिकाण. आपल्याकडे लाल झेंडा आणि वारकऱ्याची पताका एका काठीला बांधावी तसला प्रकार. आपले पक्षवाले असल्या नावावरून तीन वर्षं भांडले असते. तिथं थंडी होती आणि भूक होती, म्हणून बहुधा वेळ नव्हता.

या लोकांनी काय केलं? फार मोठ्या लढाया नाहीत. पोलिस चौक्यांवर छापे, रस्ते-पूल तोडणं, आणि उंब्रियाच्या डोंगरांत बऱ्याच ठिकाणी झालेली एक गोष्ट म्हणजे सक्तीच्या वसुलीचा गहू ठेवलेली कोठारं उघडून तो शेतकऱ्यांना वाटून टाकणं. हे शेवटचं मला बंदुकीपेक्षा मोठं वाटतं. ज्या घरानं आपल्या घामाचा निम्मा गहू मालकाला दिला आणि उरलेल्यातला सरकारला, त्या घराच्या दारात मध्यरात्री पोतं परत आलं, तर ते घर उद्या लपायला येणाऱ्याला भाकरी नाही म्हणेल का?

चित्ता दि कास्तेल्लोमध्ये वेनांझिओ गाब्रिओत्ती नावाचे गृहस्थ होते. वय साठ. पहिल्या महायुद्धातले सैनिक, पक्के कॅथलिक, बिशपच्या कचेरीत काम करणारे. म्हणजे आपल्या भाषेत देवस्थानचे कारभारी. हा माणूस डोंगरातल्या पोरांसाठी पैसे, निरोप, औषधं यांची जुळवाजुळव करत होता. १९४४ च्या मेमध्ये पकडले गेले आणि ९ मे रोजी गावाजवळच्या ओढ्याकाठी त्यांना गोळ्या घातल्या. नंतर इटलीनं त्यांना शौर्याचं सुवर्णपदक दिलं. प्रतिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला बंदूकधारी तरुण येतो. मला मात्र हा फायली सांभाळणारा साठीचा कारकून जास्त जवळचा वाटतो. त्याला पळायला जागा होती. डोंगर समोर होता.

आता जे सांगणार आहे ते आपल्याकडच्या भाषणांत कधी येत नाही. २५ एप्रिल १९४४. सकाळची वेळ. दोस्तांची, म्हणजे ‘आपल्या’ बाजूची विमानं उंबेर्तिदेवर आली. लक्ष्य होतं टायबरवरचा पूल. बॉम्ब पडले पुलाशेजारच्या जुन्या वस्तीत. सत्तरच्या आसपास माणसं ढिगाऱ्याखाली गेली. लहानशा गावात सत्तर म्हणजे प्रत्येक गल्लीत एक तरी. बरोबर वर्षानं, २५ एप्रिल १९४५ ला, उत्तर इटलीत उठाव झाला आणि ती तारीख देशभर मुक्तिदिन म्हणून पाळली जाऊ लागली. उंबेर्तिदेत मात्र त्या एकाच तारखेला गाव आनंद करतं आणि त्याच तारखेला श्राद्ध घालतं. मुक्ती करणाऱ्यांनीच मारलेल्यांचं श्राद्ध.

४ जूनला रोम पडलं. दोन दिवसांत नॉर्मंडीत सैन्य उतरलं आणि जगातल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून इटली गायब. आम्हा पत्रकारांची जात सगळीकडे सारखीच! पण उंब्रियाचे सगळ्यात वाईट दिवस त्यानंतर आले. जर्मन मागे सरकत होते, पण पळत नव्हते. उत्तरेत त्यांची डोंगरी तटबंदी अजून बांधून व्हायची होती, म्हणून प्रत्येक खोऱ्यात चार दिवस, आठ दिवस अडवायचं, पूल उडवायचे, रस्त्यात सुरुंग पेरायचे आणि पुढच्या टेकडीवर जाऊन बसायचं. पाठीमागे पार्टिझन. १७ जूनला जर्मन सेनापती केसेलरिंगनं हुकूम काढला, त्याचा मथितार्थ असा की पार्टिझनांशी लढताना नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाठीशी घालीन. वरिष्ठानं असं एक वाक्य लिहून दिलं की खाली काय होतं हे सांगायला इटलीलाच जायला हवं असं नाही.

२० जूनला पेरुजिया मुक्त झालं. त्याच दिवशी गुब्बिओत एका कॅफेत पार्टिझनांनी दोन जर्मन लष्करी डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या. एक मेला, एक जखमी. बिशपनं जर्मनांच्या हातापाया पडून बघितलं. २२ जूनच्या पहाटे चाळीस जणांना रांगेनं उभं करून मारलं. त्यात अडतीस पुरुष आणि दोन बायका, मायलेकी. त्या चाळिसांचा कॅफेतल्या गोळीशी काही संबंध नव्हता. त्यानंतर सहा दिवसांनी, २८ जूनच्या पहाटे, उंबेर्तिदेजवळ निक्कोनेच्या खोऱ्यात पेनेतोला नावाच्या शेतघरात झोपलेल्या माणसांना सैनिकांनी एका खोलीत कोंडलं आणि घर पेटवलं. बारा जण गेले, त्यात लहान मुलं. गव्हाच्या कापणीचे दिवस होते.

गुब्बिओत आजही एक कुजबूज आहे, आणि ती जगातल्या प्रत्येक व्यापलेल्या गावात असते: त्या पोरांनी कॅफेत गोळ्या झाडल्या नसत्या तर? शहर दोन दिवसांत आपोआप सुटणार होतं, कशाला उगाच? (सुटलं मात्र दोन दिवसांत नाही. गुब्बिओ मोकळं व्हायला जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला.) मला या कुजबुजीतलं दुःख कळतं, तर्क पटत नाही. चाळीस निरपराध माणसं निवडून मारण्याचा निर्णय कॅफेतल्या पोरांचा नव्हता. पण ज्याच्या घरातली मायलेकी गेली त्याच्यासमोर बसून हे वाक्य मी म्हणू शकलो असतो का? नाही. पेरुजियात बसून म्हणणं सोपं, माणगावात बसून त्याहून सोपं.

अशा खोऱ्यात आपली माणसं शिरली.

जूनच्या अखेरीस टायबरच्या बाजूला दहावी भारतीय डिव्हिजन आली. पंजाबी, गढवाली, गुरखे, मराठे, बरोबर काही इंग्रज पलटणी. सेनापती डेनिस रीड, जो स्वतः वाळवंटात पकडला जाऊन इटलीत कैदी होता आणि तिथून निसटलेला. हा तपशील मला फार आवडतो. ज्या देशातून लपत-छपत पळाला त्याच देशात डिव्हिजन घेऊन परत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंबेर्तिदे सुटलं, मागोमाग मोंतोने. मोंतोने सुटलं म्हणजे लढाई संपली असं नाही. गाव सुटतं, पण गावावरच्या टेकड्या जर्मनांकडे असतात, तिथून तोफा चालू. म्हणून पायदळानं रात्रीचं चढायचं, खेचरांवर दारूगोळा, पाणी, आणि परत येताना त्याच वाटेनं जखमी. ज्यानं सह्याद्रीत लहानपण काढलं त्याला चढाचं काय? पण सह्याद्रीत वरून कुणी मशीनगन चालवत नाही.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीनं अशाच एका भक्कम मोर्च्यावर हल्ला केला. घाडग्यांच्या हाताखाली छोटी तुकडी. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि तुकडीतले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. उभा राहिला एकटा नाईक. तो मागे वळला नाही. धावत जाऊन हातगोळा टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प. टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझिन भरायला क्षण नाही, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठेचून मारलं. मग बाजूच्या मोर्च्यातल्या नेमबाजांनी त्याला पाडलं.

हे वाचताना छाती फुगते, माझीही फुगते. पण ‘दस्त्यानं ठेचून’ हे शब्द मी दर वेळी जरा थांबून वाचतो. समोरचे दोघेही कुणाचे तरी बावीस वर्षांचेच असतील. बाविसाव्या वर्षी पळसगावच्या मुलाला हे करावं लागलं. पुतळ्याला ते सांगता येत नाही.

त्याची कबर नाही. देह हाती लागला नाही किंवा ओळखता आला नाही अशांची नावं जिथं कोरली आहेत त्या कासिनोच्या स्मारकावर त्याचं नाव आहे. इटलीत मेलेले आपले सैनिक ५,७८२. पन्नास हजारांच्या घरात भारतीय तिथं लढले, आणि त्या आघाडीवर दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. त्यातला आणखी एक आपलाच, नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून पाठीवर आणलं, परत जाऊन तीन मशीनगनचे मोर्चे एकट्यानं बंद केले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची गर्जना देत बाकीच्यांना पुढं बोलावलं. ते जगले, १९८४ पर्यंत.

आता त्या तरुण मित्राचा मुद्दा. पगारी नोकर.

मित्रा, तुझा प्रश्न चुकीचा नाही. त्याला देशद्रोह म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. १९४२ साली याच आपल्या कुलाबा जिल्ह्यात काय चाललं होतं ते बघ. माथेरानचे वकील भाई कोतवाल आझाद दस्ता घेऊन जंगलात होते, विजेचे मनोरे पाडत होते. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना आणि हिराजी पाटलांना मारलं. महाडला सप्टेंबर ४२ मध्ये कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला. म्हणजे एका जिल्ह्यातला एक मुलगा इंग्रजांच्या गोळीनं डोंगरात मेला, आणि दुसरा इंग्रजांची बंदूक हातात घेऊन दुसऱ्यांच्या डोंगरात. इटलीच्या हिशेबानं बघायला गेलं तर कोतवाल हे पार्टिझन. पिएत्रालुंगाच्या पोरांनी त्यांना लगेच ओळखलं असतं.

मग घाडगे कोण? त्या काळी आपल्या लष्करात पंचवीस लाख माणसं होती आणि कुणालाही सक्तीनं भरती केलेलं नव्हतं, असं अभिमानानं सांगतात. सक्ती नव्हती हे खरं. पण एक-दोन एकराचा वरकस तुकडा, डोक्यावर सावकार, मुंबईच्या गिरणीत जागा नाही, अशा घरातल्या पोराला भरतीचा सुभेदार दरमहा पगार आणि पोटभर जेवण सांगतो, तेव्हा ‘स्वेच्छा’ या शब्दात बरंच काही दडपलं जातं. तो फासिझमविरुद्ध लढायला गेला असं मी म्हणणार नाही. तसं पत्र आपल्या हाती नाही. आणि गंमत बघा, ज्या इटलीला सोडवायला हे गेले, त्याच इटलीनं १९३५-३६ मध्ये अॅबिसिनिया विषारी वायू टाकून गिळली होती. मराठ्यांची हीच तिसरी बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर इटालियनांशी लढली. कालचे व्यापणारे आज व्यापलेले, आणि त्यांना सोडवायला आलेले स्वतःच गुलाम. हा गुंता सोडवून सरळ दोरा काढायचा हट्ट धरला तर काहीतरी कापावं लागतं. ग्रुपवर आपण रात्रभर तेच करत होतो.

पण मी हे म्हणेन. मोंतोनेतल्या माणसाला घाडगे कुणाचा पगारी होता याची पंचाईत नव्हती. पेनेतोलाच्या घराची राख गार होऊन दोनच आठवडे झालेले. ते घर जाळणाऱ्यांना पुढच्या टेकडीवरून हाकलायला जो वर चढला, तो त्यांच्यासाठी तो होता. त्याला रोज किती आणे मिळत होते हा हिशेब लंडनशी आपण जरूर मांडावा. तो हिशेब वेगळ्या वहीत.

‘तिथल्या लोकांचं काय म्हणणं हाय?’ तर ऐका. जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या नगरपालिकेनं आणि तिथल्या इतिहासप्रेमींनी यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. भारताच्या राजदूतही हजर होत्या. पुतळा नाही, तोफ नाही, चालू सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय त्याचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. हार घालायला गळाच नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या फोटोची तिथं जरा अडचणच होत असणार.

तिथंही सगळं आलबेल आहे असं समजू नका. १९९४ मध्ये रोममध्ये लष्करी न्यायालयाच्या इमारतीत एक लाकडी कपाट सापडलं, दारं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. आत ६९५ फायली. गावोगावच्या हत्याकांडांचे तपास, साक्षी, नावं. १९६० मध्ये ‘तात्पुरत्या’ बंद केलेल्या. जर्मनी नाटोत मित्र झालेला, कशाला जुनं उकरायचं? ती ‘तात्पुरती’ स्थिती चौतीस वर्षं टिकली. साक्षीदार म्हातारे झाले, मेले, आरोपी पेन्शन खात राहिले. ‘शरमेचं कपाट’ म्हणतात त्याला इटलीत. सरकारी कचेऱ्यांत उमेदवारी केलेल्या कुठल्याही मराठी पत्रकाराला या कपाटाची रचना तोंडपाठ असेल.

आपल्याकडे असं कपाटही नाही. काही वर्षांपूर्वी एका वाडीवर पाणीटंचाईची बातमी करायला गेलो होतो. ओटीवर एक आजी बसलेल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आमचा चुलता इटालीला गेला तो गेलाच. तार आली, मग पेन्शनीचा कागद आला." इटलीत कुठं? "ता काय म्हायत? इटाली." मी विचारलं, काही पत्रं? म्हणाल्या, होती ट्रंकेत, वाळवी लागली, गेल्या शिमग्याला जाळली.

म्हणून एक विनंती. माणगाव, महाड, पोलादपूर, म्हसळा, रोहा, खाली रत्नागिरी-साताऱ्यापर्यंत ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा त्या लढाईत होते, त्यांनी माळ्यावरची ट्रंक या पावसाळ्याच्या आत एकदा उघडा. पाकिटावर गावाचं नाव मिळणार नाही, सेन्सॉर ते ठेवू देत नसे. फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि ‘सी.एम.एफ.’ एवढी अक्षरं असतील. ती मध्य भूमध्य आघाडीची खूण. मनीऑर्डरची पावती असली तरी चालेल, पलटणीचं कार्ड असलं तरी. मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोरी बाजूसुद्धा, कारण शिक्का बऱ्याचदा मागे उमटलेला असतो. नंबर आणि तारीख जुळवून पलटण त्या दिवशी कुठल्या गावाजवळ होती हे काढता येतं. ते काम मी करतो, पैसे-बिसे काही नाही. कागद माझ्याकडे देऊ नका, घरीच ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कापडात बांधून. फोटो इनबॉक्समध्ये टाका आणि सोबत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं ते दोन ओळींत लिहा, आठवतं तसंच, शुद्ध न करता.